अकरा मिनिटे की पाच? लस, अँटिबायोटिक आणि एक रिॲक्शन

एकाच दुपारी, एकाच रुग्णाला, आधी लस टोचली आणि लगेच अँटिबायोटिकचे सलाईन सुरू केले. लस दिल्यापासून अकराव्या आणि अँटिबायोटिक सुरू झाल्यापासून पाचव्या मिनिटाला त्याला ॲनाफिलॅक्सिसचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या तीव्र ॲलर्जीचा, झटका आला. रुग्ण वाचला. पण त्या संध्याकाळी केस पेपरवर एक चुकीचे वाक्य लिहिले गेले, आणि ते तसेच राहिले असते तर पुढच्या बारा तासांत तोच प्रसंग पुन्हा आला असता. त्या पाळीची इन्चार्ज मी होते. ओळख पटेल असे तपशील काढून हे प्रकरण इथे सविस्तर मांडते आहे. लस आणि अँटिबायोटिक या रोज हाताळल्या जाणाऱ्या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होते, हे मला यातून जितके कळले तितके कुठल्या वर्गात कळले नव्हते.

रुग्ण आणि त्याचा केस पेपर

वय ३४ वर्षे, पुरुष, वजन ७२ किलो, आधीचा कुठलाही आजार नाही. अपघातात पोटाला मार बसून प्लीहा फाटली. रक्तस्राव थांबेना, म्हणून तातडीच्या शस्त्रक्रियेत ती काढावी लागली. पहिले पाच दिवस त्याला सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक दिले होते आणि त्याचा काहीही त्रास झाला नव्हता. ॲलर्जीच्या रकान्यात एकच शब्द होता: ‘पेनिसिलीन’. कधी झाली, काय झाले, कितव्या डोसनंतर, यातले काहीच नाही. मध्यरात्री रक्तबंबाळ अवस्थेत आलेल्या माणसाला हे विचारायला कुणाला सवड नव्हती, ते मी समजू शकते. पण पुढच्या तेरा दिवसांतही कुणी विचारले नाही, आणि त्यात मीही आले.

प्लीहा नसलेल्या माणसाच्या बाबतीत लस आणि अँटिबायोटिक या दोन्ही गोष्टी जिवावरच्या असतात. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी (हिब) या जंतूंभोवती साखरेच्या रेणूंचे कवच असते. असे कवचधारी जंतू रक्तातून गाळून काढण्याचे मोठे काम प्लीहा करते. ती गेली की साधा वाटणारा ताप काही तासांत सेप्सिसपर्यंत, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव निकामी होण्यापर्यंत, जाऊ शकतो. १९५२ साली किंग आणि शुमेकर या शल्यविशारदांनी प्लीहा काढलेल्या तान्ह्या मुलांमध्ये असा भयंकर जंतुसंसर्ग होतो हे पहिल्यांदा ठळकपणे नोंदवले. तोवर प्लीहा हा नसला तरी चालणारा अवयव समजला जाई. पूर्ण जोरात आलेल्या अशा सेप्सिसमध्ये मृत्यूचे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास नोंदले गेले आहे.

म्हणून अशा रुग्णाला न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब लशी द्यायच्या असतात. शस्त्रक्रिया ठरवून असेल तर किमान दोन आठवडे आधी, आणि अचानक करावी लागली तर साधारण चौदाव्या दिवसानंतर, कारण त्याआधी दिलेल्या लशीला शरीराचा प्रतिसाद कमी पडतो. मात्र रुग्ण परत येईल याची खात्री नसेल, तर घरी सोडण्यापूर्वीच लस दिलेली बरी.

आमच्या रुग्णाचा तो चौदावा दिवस होता. सकाळच्या राउंडला सर्जरीच्या डॉक्टरांनी ऑर्डर लिहिली: न्यूमोकोकल संयुग्म लस (जंतूच्या कवचातली साखर प्रथिनाला जोडून केलेली), उद्या डिस्चार्ज. बाकीच्या लशी नंतरच्या भेटीत द्यायच्या होत्या.

दुपारची पाळी

३ वाजून ४० मिनिटांनी त्याला हुडहुडी भरली. ताप ३८.२ अंश सेल्सिअस, नाडी १०४, रक्तदाब ११८/७६, ऑक्सिजन ९६ टक्के. ड्युटीवरचे डॉक्टर लगेच आले आणि त्यांनी लिहून दिले: रक्ताचे कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते पाहणे), छातीचा एक्स-रे, सेफ्ट्रिॲक्सोन २ ग्रॅम शिरेतून, दर बारा तासांनी. पेनिसिलीनची नोंद पाहूनच त्यांनी हे ठरवले होते, आणि तो निर्णय योग्य होता. पेनिसिलीनची ॲलर्जी असलेल्या दर दहांपैकी एकाला सेफॅलोस्पोरिनही (सेफ्ट्रिॲक्सोन ज्या गटातले आहे तो गट) बाधते असे पूर्वी शिकवत. तो आकडा आता मागे पडला आहे. दोन्ही गटांतले साम्य मुख्य वलयापेक्षा रेणूच्या बाजूच्या साखळीवर ठरते, आणि सेफ्ट्रिॲक्सोनची बाजूची साखळी पेनिसिलीनसारखी नाही. त्यातून पहिले पाच दिवस तेच औषध त्याला सोसले होते.

४ वाजून ५ मिनिटांनी कल्चरसाठी रक्त घेतले. हे क्रमाने झाले. अँटिबायोटिकचा पहिला थेंब आत जाण्यापूर्वी कल्चर घ्यायचे, पण त्यापायी अँटिबायोटिक रखडू द्यायचे नाही. सेप्सिसच्या संशयात आणि त्यातही प्लीहा नसताना, पहिल्या तासाच्या आत डोस गेलाच पाहिजे.

इथवर सगळे ठीक होते. पण लशीची सिरिंज फ्रिजमधून काढून ट्रेमध्ये ठेवलेली होती. दोन वर्षे अनुभव असलेल्या आमच्या स्टाफ नर्सने विचार केला की सकाळची ऑर्डर आहे, उद्या डिस्चार्ज आहे, लस बाहेर काढली आहे, आता ती परत कशी ठेवायची? ४ वाजून १० मिनिटांनी तिने डाव्या दंडावर लस दिली. तंत्रात खोट नव्हती. डेल्टॉइडचा जाड भाग, खांद्याच्या हाडापासून पुरेशी खाली, २५ मिलिमीटरची सुई, काटकोनात. बॅच नंबरही लिहिला. ४ वाजून १६ मिनिटांनी तिने १०० मिली सलाईनमध्ये मिसळलेले सेफ्ट्रिॲक्सोन सुरू केले, अर्ध्या तासात जाईल अशा वेगाने.

मग ती दुसऱ्या खाटेकडे वळली. नंतर मी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, लशीसाठी पंधरा मिनिटे लक्ष ठेवायचं हे डोक्यात होतं. पण अँटिबायोटिक त्याला नवीन नव्हतं ना.”

ही पाळी उलटून गेल्यावरही मला वाक्य आठवते ते हेच: नवीन नव्हतं.

४ वाजून २१ मिनिटे

“सिस्टर, तळहात खूप खाजतायत. जीव घाबरल्यासारखा होतोय.”

ती वळली तेव्हा मान लाल झाली होती. छातीवर गांध्या उठत होत्या, आवाज घोगरा झाला होता. तिने मला हाक मारली. मी पोहोचले तेव्हा नाडी १३६, रक्तदाब ७८/४०, ऑक्सिजन ९० टक्के.

लस टोचल्यावर चक्कर येणे हे आम्ही सर्रास पाहतो, आणि त्याची ॲनाफिलॅक्सिसशी गल्लत होते. चक्कर येणाऱ्याचा चेहरा पांढरा पडतो, घाम येतो, नाडी मंदावते आणि आडवे केले की माणूस दोन मिनिटांत सावरतो. इथे उलट चित्र होते: त्वचा लाल, गांध्या, नाडी धावणारी, आवाज बदललेला. विचार करत बसायला जागा नव्हती.

सर्वात आधी सलाईन बंद केले. इथे एक बारीक गोष्ट आहे जी गडबडीत हमखास चुकते. फक्त क्लँप लावून त्याच नळीतून नवे सलाईन सोडले, तर नळीत साचलेले औषध आपणच रुग्णाच्या अंगात ढकलतो. म्हणून नळीचा संच कॅन्युलापासूनच (शिरेत बसवलेल्या बारीक नळीपासून) सोडवायचा, कॅन्युला मात्र काढायची नाही, आणि नवा संच जोडायचा. काढलेली बाटली आणि नळी फेकायची नाही. लशीची रिकामी सिरिंजसुद्धा जपून ठेवायची.

त्याला सपाट झोपवून पाय वर केले. तो उठून बसायला पाहत होता, आम्ही बसू दिले नाही. श्वास फार लागत असेल तर डोके थोडे उंच करता येते, पण रक्तदाब पडलेला असताना एकदम बसवणे किंवा उभे करणे प्राणघातक ठरल्याच्या नोंदी आहेत. हृदयाकडे परतणारे रक्तच अचानक कमी होते.

नर्सचा हात ट्रेमधल्या हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडकडे आणि फेनिरामिन या ॲलर्जीच्या इंजेक्शनकडे गेला. हा हात मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता तो जाण्याआधीच मला दिसतो. फेनिरामिन खाज आणि गांध्या कमी करेल, पण घसा उघडणार नाही आणि रक्तदाबही उचलणार नाही. स्टेरॉइडचा परिणाम यायला काही तास लागतात. त्या क्षणी काम करणारे औषध एकच, ॲड्रेनॅलिन. एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असलेले द्रावण, मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मात्रा दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, प्रौढात जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम. ७२ किलोच्या माणसाला म्हणजे ०.५. दंडात किंवा त्वचेखाली नाही. मांडीतून ते लवकर रक्तात पोहोचते. शिरेतून तर वॉर्डात आपण देऊच नये. ते अतिदक्षता विभागातल्या किंवा भूलशास्त्राच्या सरावलेल्या हातांचे काम आहे.

पहिला डोस ४ वाजून २३ मिनिटांनी. ऑक्सिजन, एक लिटर सलाईन वेगाने. पाच मिनिटांनी रक्तदाब ८४/४८, म्हणून ४ वाजून २८ मिनिटांनी दुसरा डोस. ४ वाजून ४० मिनिटांनी १०४/६२, आवाज मोकळा. बरा वाटल्यावरही लक्षणे काही तासांनी परत उलटू शकतात, म्हणून त्याला अतिदक्षता विभागात हलवले.

तिथल्या डॉक्टरांनी ५ वाजून २० मिनिटांनी ट्रिप्टेज चाचणीसाठी रक्त घ्यायला सांगितले. ॲनाफिलॅक्सिसमध्ये मास्ट पेशी (ॲलर्जीची रसायने साठवणाऱ्या पेशी) फुटून हा पदार्थ रक्तात येतो. लक्षणांनंतर एक-दोन तासांत घेतलेला नमुना सर्वात उपयोगी, चार तासांपेक्षा उशीर नको. आणि तुलनेसाठी पूर्ण बरे झाल्यावर, किमान चोवीस तासांनी, दुसरा नमुना लागतो. हा दुसरा नमुना बहुतेक ठिकाणी राहूनच जातो. आम्ही तो दोन दिवसांनी घेतला. पहिल्यात १९.६, दुसऱ्यात ४.२. हिशेब असा: मूळ पातळीची १.२ पट अधिक २, म्हणजे इथे ७.०४. त्याच्या वर गेलेला आकडा मास्ट पेशी खरोखर फुटल्याचे सांगतो. १९.६ म्हणजे शंकेला जागा नव्हती. पण कशामुळे फुटल्या, हे ट्रिप्टेज सांगत नाही.

ठपका कुणावर?

साडेसहाच्या सुमारास मी अतिदक्षता विभागात केस पेपर पाहायला गेले. तिथे लिहिले होते: ‘न्यूमोकोकल लशीमुळे ॲनाफिलॅक्सिस. पुढील लशी टाळाव्यात.’ ॲलर्जीच्या रकान्यात ‘पेनिसिलीन’च्या खाली ‘न्यूमोकोकल लस’.

तर्क सरळ होता. अँटिबायोटिक याच माणसाने पाच दिवस घेतलेले आहे. आज आयुष्यात पहिल्यांदा मिळालेली गोष्ट म्हणजे लस. मग लसच.

वाचताना पटते, पण पाया चुकलेला आहे. तात्काळ ॲलर्जी होण्यासाठी शरीराला ते औषध, किंवा त्याच्यासारखे काही, सहसा आधी कधीतरी भेटलेले असावे लागते. पहिल्या भेटीत आयजीई ही ॲलर्जी घडवणारी प्रतिपिंडे तयार होतात, त्यांना काही दिवस ते आठवडे लागतात, आणि पुढच्या भेटीत स्फोट होतो. दोन आठवड्यांपूर्वी पाच दिवस सोसलेले औषध आज सोसेलच, असे त्यातून निघत नाही. उलट मधल्या काळात शरीराला तयारी करायला नेमका पुरेसा वेळ मिळालेला असतो. खंडानंतर सुरू झालेला डोस हा पुन्हा पहिलाच डोस समजून रुग्णापाशी थांबायला हवे. ‘आधी घेतलंय ना, काही झालं नव्हतं’ या उत्तराने आपण निर्धास्त होतो. आता मी त्याच्यापुढे दोन प्रश्न जोडते: शेवटचे कधी? आणि मध्ये किती दिवस गेले?

दुसरी बाजू म्हणजे शक्यता. लशींमुळे ॲनाफिलॅक्सिस होतो, पण अत्यंत विरळा. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत दर दहा लाख डोसमागे सुमारे १.३ असा आकडा आला. शिरेतून दिलेल्या बीटा-लॅक्टम अँटिबायोटिकचा (पेनिसिलीन आणि सेफॅलोस्पोरिन यांचे कूळ) धोका त्याहून कितीतरी जास्त. वेळ पाहिली तरी शिरेतून गेलेले औषध बहुधा काही मिनिटांतच रंग दाखवते. ॲनाफिलॅक्सिसने मृत्यू झालेल्यांच्या ब्रिटनमधल्या अभ्यासात औषधांच्या बाबतीत हृदय थांबेपर्यंतचा मध्यक वेळ अवघा पाच मिनिटे होता. आमच्या रुग्णाच्या अंगात पाच मिनिटांत दोन ग्रॅमचा साधारण सहावा भाग गेला होता. तेवढे पुरते.

तरीही लस निर्दोष आहे असे त्या संध्याकाळी मी म्हणू शकत नव्हते. अकरा मिनिटेही बसतात. लशीत वाहक प्रथिन असते, काही लशींत पॉलिसॉर्बेट ८० हा मिश्रण एकजीव ठेवणारा पदार्थ असतो, आणि यांचीही ॲलर्जी होऊ शकते. प्रामाणिक उत्तर एवढेच होते की दोन्ही संशयित आहेत आणि दोघांच्या मध्ये सहाच मिनिटे असल्याने वेळेवरून निवाडा होणार नाही.

आणि मग माझी नजर ऑर्डर शीटवर गेली. सेफ्ट्रिॲक्सोन २ ग्रॅम, दर बारा तासांनी. ऑर्डर चालूच होती. पुढचा डोस पहाटे ४ वाजून १५ मिनिटांनी. रिॲक्शन लशीची ठरल्यामुळे अँटिबायोटिक थांबवायचे कुणाच्या मनातच आले नव्हते. रात्रपाळीच्या नर्सने पाच गोष्टी तपासल्या असत्या, योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, आणि पाचही बरोबर निघाल्या असत्या. ॲलर्जीचा रकाना पाहिला असता तर तिथे लस लिहिलेली.

मी डॉक्टरांना फोन केला. आरोप केला नाही, वेळा वाचून दाखवल्या: “लस ४:१०, सेफ्ट्रिॲक्सोन ४:१६, लक्षणे ४:२१. दोन्ही संशयित लिहू या का? आणि पहाटेचा डोस चालू आहे.” पलीकडे क्षणभर शांतता, मग ते स्वतः खाली आले. नोंद बदलली गेली: ‘४:२१ वाजता ॲनाफिलॅक्सिस. संशयित: सेफ्ट्रिॲक्सोन (५ मिनिटांपूर्वी सुरू), न्यूमोकोकल संयुग्म लस (११ मिनिटांपूर्वी). तपासणी होईपर्यंत दोन्ही देऊ नयेत.’ खाली लशीचा आणि औषधाचा, दोन्हींचे बॅच नंबर. लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनेचा आणि औषधाच्या दुष्परिणामाचा असे दोन वेगळे अहवाल गेले, कारण ते वेगवेगळ्या ठिकाणी जातात आणि एक भरला की दुसरा सुटतो.

ताप तर होताच

या गोंधळात ज्यासाठी औषध सुरू केले होते तो आजार तसाच राहिला होता. रात्री आठला ताप ३८.६. कुणीतरी म्हणाले, “लशीचा ताप असेल, उद्या उतरेल.” इतर कुणाच्या बाबतीत हे वाक्य मी कदाचित ऐकून सोडले असते. प्लीहा नसलेल्या माणसाच्या बाबतीत ते कधीच मान्य करायचे नसते. ताप लशीचा असेलही, पण तो जंतूंचा नाही हे सिद्ध होईपर्यंत अँटिबायोटिक चालूच राहायला हवे. शिवाय ही हुडहुडी लशीच्या आधीची होती.

डॉक्टरांनी पर्याय निवडला: लेव्होफ्लॉक्सासिन आणि व्हॅन्कोमायसिन, दोन्ही वेगळ्या गटांतली अँटिबायोटिक. व्हॅन्कोमायसिन म्हटल्यावर मी रात्रपाळीच्या नर्सपाशी जास्तीची दहा मिनिटे थांबले. हे औषध भरकन गेले तर चेहरा-मान लाल होते, खाज सुटते, कधी रक्तदाब पडतो. तिथे आयजीईचा संबंध नसतो. औषध मास्ट पेशींना थेट डिवचते, आणि वेग कमी केला की बहुतेक वेळा निभावते. पण संध्याकाळीच ॲनाफिलॅक्सिस झालेल्या माणसाची मान रात्री लाल झाली असती, तर त्याच्या कपाळी तिसरी ॲलर्जी लिहिली गेली असती. म्हणून १ ग्रॅम १०० मिनिटांत, मिनिटाला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, इन्फ्युजन पंपावर, आणि लेव्होफ्लॉक्सासिनचा डोस संपल्यावर तासाभराने. दोन नव्या गोष्टी एकाच वेळी सुरू करायच्या नाहीत हा नियम त्या रात्री आम्ही कटाक्षाने पाळला. खरे तर तो दुपारी पाळायला हवा होता.

एक्स-रेमध्ये डाव्या फुफ्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया दिसला. कल्चरमध्ये काही वाढले नाही. चौथ्या दिवशी ताप गेला, आठव्या दिवशी तो घरी गेला.

मग लस द्यायला नको होती का?

त्या नर्सने मला हा प्रश्न विचारला तेव्हा तिला वाटत होते की मी ‘अँटिबायोटिक चालू असताना लस द्यायची नाही’ असे सांगेन. हा गैरसमज मला खोडायचाच होता. तो कायम राहिला तर ती पुढे शेकडो लोकांना विनाकारण परत पाठवेल.

अँटिबायोटिक चालू असणे हे निष्क्रिय लशींना अजिबात आड येत नाही. औषध जंतू मारते. लशीत जिवंत जंतूच नाहीत, तर मारणार काय? इंजेक्शनने दिल्या जाणाऱ्या जिवंत विषाणूंच्या लशींनाही अँटिबायोटिकचा अडथळा नाही. अपवाद मोजके आहेत आणि ते सगळे जिवंत जंतू असलेले. तोंडावाटे घ्यायची टायफॉइडची जिवंत लस अँटिबायोटिक संपून तीन दिवस झाल्याशिवाय देत नाहीत. तोंडावाटे घ्यायच्या जिवंत कॉलरा लशीसाठी हे अंतर चौदा दिवसांचे. कांजिण्यांच्या लशीला अडचण असते ती असायक्लोव्हिरसारख्या विषाणूविरोधी औषधांची.

त्या दिवशी लस थांबवायला हवी होती ती अँटिबायोटिकमुळे नाही, हुडहुडीमुळे. सर्दी, किरकोळ ताप, जुलाब यांसाठी लस पुढे ढकलायची नसते. पण मध्यम किंवा तीव्र आजारात ढकलायची, आणि त्याचे मुख्य कारण लस अपाय करेल हे नसते. पुढे जे काही होईल ते आजाराचे, औषधाचे की लशीचे, हे ओळखता येणार नाही, हे कारण असते. सकाळी ऑर्डर लिहिली तेव्हा तो बरा होता. ३ वाजून ४० मिनिटांनंतर ती ऑर्डर शिळी झाली होती. सुई टोचण्याआधीची शेवटची पाहणी नर्सचीच असते, आणि ‘आत्ता ताप आहे, लस थांबवू का?’ असा फोन करायला तिला कुणाच्या परवानगीची गरज नसते. वाया जाणाऱ्या सिरिंजचे दडपण मी ओळखते, अजूनही ते माझ्यावर येते. एक सिरिंज वाया गेली तर नोंद करून टाकून द्यावी.

उलट क्रम कधीही चालणार नाही, म्हणजे लशीनंतरची पंधरा मिनिटे पूर्ण व्हायची म्हणून सेप्सिसच्या रुग्णाचे अँटिबायोटिक रोखणे. थांबायचे ते लशीने. रुग्ण स्थिर असेल, अँटिबायोटिक आधीपासून सोसत असेल, तर दोन्ही एकाच पाळीत द्यायला हरकत नाही. आमच्या वॉर्डात आता एवढे ठरले आहे की लस आणि शिरेतल्या औषधाचा पहिला डोस यांत किमान अर्धा तास जावा, आणि खंडानंतरचा डोस पहिलाच धरावा. हे आमच्यापुरते ठरवलेले आहे, पुस्तकातला आकडा नव्हे.

‘पेनिसिलीन’ या शब्दामागे काय होते

रिॲक्शनच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्या आईशी बोलले. काय विचारायचे ते मला पाठ आहे: कोणते औषध, किती वर्षांपूर्वी, कितव्या दिवशी, घेतल्यावर किती वेळाने, नेमके काय झाले, रुग्णालयात न्यावे लागले का, आणि त्यानंतर त्या गटातले काही घेतले का. पाच मिनिटे लागली. तो सहा वर्षांचा असताना घसा आणि ताप होता. औषधाच्या चौथ्या दिवशी अंगावर बारीक लाल पुरळ आली. खाज नाही, सूज नाही, धाप नाही. तीन दिवसांत आपोआप गेली. “डॉक्टर म्हणाले, पुन्हा देऊ नका. तेव्हापासून आम्ही सगळीकडे सांगतो,” त्या म्हणाल्या. त्यांनी आपले काम चोख केले होते. विचारायचे काम आमचे होते.

लहान मुलांत विषाणूच्या तापात अशी पुरळ नेहमी येते. ज्यांच्या केस पेपरवर पेनिसिलीनची ॲलर्जी लिहिलेली असते अशा दहांपैकी नऊ जणांना तपासणीत पेनिसिलीन चालते. ज्यांना खरोखर तात्काळ ॲलर्जी होती, त्यांतल्याही सुमारे ८० टक्के लोकांची दहा वर्षांत ओसरते. पण हे सांगून त्याच दिवशी वॉर्डात कुणी तो शब्द खोडू नये. आपले काम तपशील लिहून पुढे पाठवण्याचे.

सहा आठवड्यांनी तो ॲलर्जी तज्ज्ञांकडे गेला. लगेच पाठवून उपयोग नसतो, रिॲक्शननंतर काही काळ त्वचाचाचण्या खोटेच नकारात्मक येऊ शकतात. सेफ्ट्रिॲक्सोनची चाचणी सकारात्मक आली. न्यूमोकोकल लशीची नकारात्मक. पेनिसिलीनच्या सगळ्या चाचण्या नकारात्मक, आणि नंतर देखरेखीखाली ॲमॉक्सिसिलीनचा पूर्ण डोस घेऊनही काही झाले नाही.

म्हणजे त्या संध्याकाळी आधी लिहिलेल्या दोन्ही ॲलर्जी खोट्या होत्या, आणि खरी तेव्हा लिहिलीच गेली नव्हती. प्रतिबंधासाठी रोज घ्यायची पेनिसिलीनची गोळी आणि ताप येताच सुरू करायचे ॲमॉक्सिसिलीन, प्लीहा नसलेल्या माणसाची ही दोन्ही शस्त्रे त्याला परत मिळाली. त्या दुपारची लस वैध धरली गेली. मेनिंगोकोकल आणि हिब लशी त्याला आमच्याच वॉर्डात, अर्धा-अर्धा तास बसवून दिल्या. टोचणारी नर्स तीच होती. आठ आठवडे झाल्यावर न्यूमोकोकल पॉलिसॅकराइड लसही झाली.

जाताना त्याला खिशात ठेवायचे कार्ड दिले. मजकूर तिनेच लिहिला, मी फक्त तपासला:

‘प्लीहा काढलेली आहे. ताप ३८ च्या वर किंवा हुडहुडी: ॲमॉक्सिसिलीन लगेच घ्या आणि रुग्णालयात या, लस नुकतीच घेतली असली तरीही. सेफ्ट्रिॲक्सोन देऊ नये: सुरू केल्यापासून ५ मिनिटांत ॲनाफिलॅक्सिस, त्वचाचाचणी सकारात्मक. सेफोटॅक्सिम आणि सेफेपिमही टाळा, बाजूची साखळी सारखीच. पेनिसिलीन व ॲमॉक्सिसिलीन चालते, तपासलेले आहे. लशी चालतात, तपासलेल्या आहेत.’